अंबुबाईंच्या टेबलावरून

म्हैसूर,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,

सुमाचा नमस्कार. पिरियापट्टणला थंडी पडली असेल. तंबाखूच्या गोदामात झोपताना कानाला मफलर बांध, असं आईनं लिहायला सांगितलंय. तिचा गुडघा बरा आहे. लिलाव संपेपर्यंत तू घरी येत नाहीस, हे तिनं आता मान्य केलंय.

फोन केला की लॉरी भरायला आलीय म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय. आपली मराठी घरात बोलण्यापुरती, लिहायला बसलं की शब्द कमी पडतात. पण भांडण निघालं की तू कन्नडमध्ये शिरतोस आणि "साकु, बिडु", पुरे, सोड, म्हणून मला गप्प करतोस. मराठीत तुला ते जमत नाही.

शनिवारी येलवालच्या पुढच्या एका गावात आमच्या संस्थेनं पालकसभा घेतली. पुष्कळ लोक आले. मी नेहमीचंच सांगितलं. वाचता-लिहिता अडणाऱ्या मुलाची तपासणी करायची तर शाळेनं आधी तुम्हाला विचारलं पाहिजे, तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावलं पाहिजे, अहवाल तुमच्या हातात दिला पाहिजे, पटला नाही तर तसं सांगायचा हक्क तुम्हाला आहे. एका आजोबांनी विचारलं, आम्हाला न विचारता परस्पर कुणी ठरवलं तर? मी म्हटलं, तसं होणार नाही, मी आहे ना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये मात्र मला रडू आवरेना.

कारण आदल्याच दिवशी मी तुझ्या भव्याच्या शाळेत जाऊन आले होते. तपासणीची तारीख अजून का आली नाही, एवढंच विचारायला. वाणी मॅडम तुला आठवतात ना, जूनमध्ये त्यांनी तुला आणि वहिनीला बसवून सगळं समजावलं होतं. भव्या हुशार आहे, पण अक्षरं तिच्या हाती लागत नाहीत. तपासणी करून कागद झाले, तर दहावीच्या परीक्षेत तिला जास्त वेळ मिळेल, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारं कुणीतरी मिळेल. तू तेव्हा हो म्हणाला होतास.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुमचे अण्णा दसऱ्याच्या आधीच येऊन नको म्हणून लिहून देऊन गेले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, माहीत होतं. तुझी लाज राहावी म्हणून खोटं बोलले. मॅडमनी पुन्हा समजावून पाहिलं तर तू म्हणालास म्हणे, पालकांच्या सहीशिवाय शाळेला काही करता येत नाही, माझ्या बहिणीनंच सांगितलंय.

सांगितलं होतं खरं. जेवताना तुला सगळं समजावून सांगायचे, तू ऐकत नाहीस असं वाटायचं.

तरी दोन दिवस मी तुझीच बाजू मांडत होते. तू स्वतः नववीतच शाळा सोडलीस. मास्तर तुला वर्गासमोर वाचायला उभं करायचे, हे आईकडून ऐकलंय. पोरीच्या नावाला काही चिकटू नये असं तुला वाटलं असेल, असं मी मनाला सांगत राहिले.

मग रविवारी भव्या पुस्तक घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. "आत्या, ऐक. मला आता येतं." आणि कन्नडचा एक अख्खा धडा घडाघडा वाचला. मला इतका आनंद झाला की आईला हाक मारणार होते. तेवढ्यात, पान उलटायच्या आधीच ती पुढच्या पानावरचं वाक्य बोलून गेली.

मैत्रिणीकडून ऐकून ऐकून पाठ केला होता. कशाला गं, म्हणून विचारलं तर तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "अप्पा म्हणाले, माझी तपासणी झाली तर तुझं लग्न मोडेल. तूच नको म्हणालीस म्हणे."

अण्णा, तू शाळेत जाऊन काय लिहून दिलंस ते मी एक वेळ विसरेन. हे कसं विसरू?

गगनचं स्थळ मला आवडलं होतं. मी तोंडानं बोलले नाही, पण तू ओळखलंस आणि खूश झालास. त्याची आई, अंबुबाई, भव्याच्याच शाळेच्या ऑफिसात आहे, प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जातो, हेही तू ओळखलंस. म्हैसूरमध्ये आपली मराठी माणसं उरलीत किती? एका घरात कुणी शिंकलं तर दुसऱ्या घरात औषध काढतात. मुलीला वाचता येत नाही, घराण्यातच असेल, असं म्हणायला वेळ लागला नसता. हे सगळं मला कळतं. तू मला कॉलेजला सोडायला यायचास आणि गेटवर ओळखीचं कुणी दिसलं की सांगायचास, आमच्या घरातली पहिली डिग्री. मग त्या डिग्रीवालीला एकदा विचारायचं होतंस. मी काय म्हटलं असतं ते तुला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस.

वहिनीलाही नाही. ती बिचारी तारखेची वाट बघत होती. मी सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. रडेल असं वाटलं. तिनं हात पुसले आणि विचारलं, "आईची सही चालते का?"

चालते.

आज आम्ही दोघी शाळेत गेलो. वाणी मॅडमनी नवा कागद केला, वहिनीनं सही केली, आणि शिक्क्यासाठी तो अंबुबाईंच्या टेबलावर मीच ठेवला. त्यांनी सावकाश वाचला. बाजूच्यांना कळू नये म्हणून मराठीत विचारलं, "पोरीला काय झालंय?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "काही झालेलं नाही. तिला अक्षरं उशिरा कळतात. माणसं लवकर कळतात."

शिक्का मिळाला. संध्याकाळी त्यांच्याकडून निरोप आला, बोलणी करायला रविवारी येणं जमत नाही, पुढे बघू. गगनचा फोन आला नाही. मी केला नाही. फोन जवळच ठेवलाय, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

तपासणी मंगळवारी आहे. अप्पा रागावतील का, असं भव्या विचारत होती. ये किंवा येऊ नकोस. पण तिला तुझ्या तोंडानं सांग, आत्या कधीच नको म्हणाली नव्हती. माझं सांगून झालंय. ती मान हलवते आणि पुस्तक मिटून घेते. तिला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय.

ते सांगून झालं की मला फोन कर. त्याआधी नको.

भव्याची आत्या,
सुमा