मंगळवारच्या दोन भाकरी

प्रिय आत्या,

लाईट गेलीय, म्हणून लिहायला बसले. खोटं कशाला सांगू? लाईट असती तर मी आत्ता मशीनवरच असते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेत आणि पोरांचे गणवेश अर्धेही शिवून झाले नाहीत. तुला जाऊन तीन महिने झाले. तुझी आठवण काढायलासुद्धा मला लाईट जायची वाट बघावी लागते, बघ!

पण लाईट हे काही खरं कारण नाही. काल गयाबाई आली होती, नातवाच्या चड्डीचं माप द्यायला. माप दिलं, पाणी प्यायली, आणि जाता जाता पायरीवर टेकून तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला तुझ्याशी भांडायचंय. कब्रस्तानात येऊन भांडले तर नायगावचे लोक म्हणतील, विमलचं डोकं फिरलं. म्हणून हे पत्र.

आधी माझं ऐकून घे. मी थकलेय गं. कंबर धरते, पाय सुजतात, ते सोड, ते वयाचं आहे. त्याहून जास्त दमवलंय भगिनी मंडळानं. तू चर्चच्या मंडळीची सेविका. तीस वर्षं घरोघर प्रार्थनेला फिरलीस. आता सगळ्यांना वाटतं, तू गेलीस म्हणजे ते काम आपोआप तुझ्या भाचीकडं आलं. कुणाची सून रुसली, कुणाचा नवरा पिऊन आला, की "विमलताई, प्रार्थना करा." करते. डोळे मिटते आणि शब्दच येत नाहीत. मग तुझीच प्रार्थना म्हणते, तुझ्याच शब्दांत. उसनी आहे हे देवाला कळत असेल का गं?

आणि त्यात बिलोलीचे फोन. तिथल्या मंडळीतली सलोमी आठवते? नाताळात स्टुलावर उभं राहून गाणारी? ती आता एकोणीस वर्षांची झालीय. तिच्या तोंडाभोवती आणि हातांवर कोड फुटलंय. नांदेडचं कॉलेज सोडून घरी येऊन बसलीय. उपासनेला येत नाही, गात नाही, कुणासोबत जेवायला बसत नाही. अंगणापलीकडं चुलती राहते. तिनं सलोमीचं ताट-तांब्या वेगळा काढून दिलाय. सलोमीच्या आईनं मला चार वेळा फोन केला. "ताई, तुमी येऊन दोन शब्द सांगा. तुमचं ती ऐकंल. तुमालाबी हायच की."

तुमालाबी हायच की! म्हणजे अंगावर पांढरे डाग असले की बाई त्या विषयातली मास्तरीण होते का? चारही वेळा मी गणवेशाचं कारण पुढं केलं. खरं कारण हे की सांगायला माझ्याजवळ काहीच नाही. 'देवाच्या नजरेत तू मोलाची आहेस' हे वाक्य मी तुझ्या तोंडून हजार वेळा ऐकलंय. मला स्वतःलाच ते कधी नीट गिळता आलं नाही, तर त्या पोरीला काय वाढू?

मी औशाच्या सासरहून परत आले तो दिवस तुला आठवत असेल. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. आधी मनगटावर एक ठिपका आला, मग दोन्ही हात पांढरे झाले. याचा काही धोका नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरनं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि घरी येऊन सासूला म्हणाला, "हिला चुलीपुढं बसवू नको." पुढं सहा महिन्यांत माझी पेटी एसटीच्या टपावर चढली. आई-बाप आधीच गेलेले. बसस्टँडवर घ्यायला तू एकटी उभी होतीस.

मला वाटलं, आता ही गळ्यात पडून रडेल. तू विचारलंसुद्धा नाहीस काही! रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "मला लई भूक लागलीय. घरी गेल्यावर दोन भाकरी टाक बरं." केवढा राग आला होता मला. मी माझा संसार पेटीत भरून आणलाय, आणि हिला भाकरीची पडलीय!

रागाच्या गोष्टी निघाल्यात तर दुसरीही सांगते. नांदेडहून ते प्रवचनकार आले होते, तेल लावून प्रार्थना करणारे. सगळ्या बायका मला पुढं ढकलत होत्या. तू माझा हात धरून मला तशीच मागं बसवून ठेवलंस. घरी आल्यावर मी रडले. म्हटलं, तू तरी कर ना, हे डाग जाऊ दे म्हणून प्रार्थना! तू माझे दोन्ही हात तुझ्या मांडीवर घेतलेस आणि म्हणालीस, "देवाला सांगू तरी काय? हे काम तू खराब केलंस, पुन्हा करून दे, असं म्हणू का? मला तर कुठं खराब दिसून नाही राहिलं."

तेव्हा मला ते निर्दयपणाचं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. तुझ्या हातांवर डाग नव्हते, आत्या.

आणि मग ते जेवण. सात वर्षं झाली त्याला. कापणीची उपासना होती. देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रीतिभोजन. वांग्याची भाजी, वरण आणि ज्वारीच्या भाकरी. भाकरी करणाऱ्या बायका कमी पडल्या, तेव्हा सगळ्यांच्या देखत तू मला हाक मारलीस. "विमल, ये इकडं. बस परातीपुढं." मी किती खुणा केल्या तुला, नको म्हणून. तू बघितलंच नाहीस. की बघूनही बघितलं नाहीस?

मी भाकरी थापल्या. चांगल्या पंधरा-वीस थापल्या. टम्म फुगत होत्या. कितीतरी वर्षांनी मी चार बायकांत बसून हसत काम करत होते. मग पंगत बसली. गयाबाई, शांताबाई आणि चर्चच्या पाळकांच्या घराशेजारची ती उंच कमळाबाई, तिघींनी भाकरी ताटातून उचलून बाजूला ठेवल्या. नुसत्या भाजीवर जेवल्या. सगळ्यांनी बघितलं. मी बघितलं. तू बघितलंस.

आणि तू एक शब्द बोलली नाहीस!

घरी येऊन मी काय काय बोलले तुला. "जगाच्या बायकांना सांगत फिरतेस, प्रभूनं हात लावायच्या आधी कुणाचे हात तपासले नाहीत म्हणून. आणि माझ्या वेळी तोंडाला कुलूप?" तू खाटेवर बसून सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "जेवलीस का?" मी दार आपटलं. त्या आठवड्यात मी माझ्या सगळ्या पोलक्यांना मनगटापर्यंत बाह्या लावल्या. उपासनेत मागं, चपलांजवळ बसायला लागले. देवळातल्या परातीला पुन्हा हात लावला नाही. अजूनही लावत नाही. मे महिन्याच्या उन्हात घामानं बाह्या भिजतात, पण दुमडत नाही.

त्याच्या पुढच्याच मंगळवारपासून तुझं नवं सुरू झालं. भेटीला निघताना म्हणायचीस, "दोन भाकरी बांधून दे. तुझ्याच हातच्या." किती वैताग यायचा मला! मशीनवरून उठायचं, पीठ मळायचं. वाटायचं, म्हातारीला वाटेत लिंबाखाली बसून खायला लागतं. एकदा मुद्दाम जाड आणि करपलेल्या करून दिल्या. तू त्याही फडक्यात बांधून नेल्यास. एकदा तर मी म्हटलं, हॉटेलात मिळतात, तिथून घे. वर्षानुवर्षं तू मंगळवार चुकवला नाहीस, आणि मी एकदाही विचारलं नाही की खातेस कुठं.

काल गयाबाईनं सांगितलं.

"तुजी आत्या लई चिकट बाई होती, विमल. त्या शेडमधल्या जेवणानंतरच्या मंगळवारी माज्या दारात आली. फडक्यातून दोन भाकरी काढल्या. एक माज्याफुडं ठिवली, एक सोता चटणीसंगं खाल्ली. म्हणली, इमलनं केल्यात. बस, दुसरं काई न्हाई. प्रार्थना केली आन् गेली. मी ती भाकर शेळीला टाकली."

"मग?"

"मग काय, फुडच्या मंगळवारी पुन्ना हजर! पावसात बी, उन्हात बी. मी दर खेपंला शेळीला टाकून राहिले. शेळी अशी तुकतुकीत झाली की बाजारात लोक इचारायचे, काय खाऊ घालता म्हणून." ती हसली. मी नाही हसले. "मग उन्हाळ्यात मी तापानं पडले. सुना लग्नाला गेल्याल्या, घरात काई न्हाई. आत्या आली, भाकर ठिवून गेली. मी खाल्ली. लई ग्वाड लागली गं. रडत रडत खाल्ली. फुडच्या मंगळवारी तिला म्हणलं, बाई, मी खाल्ली. तर म्हणली, हाव, म्हाईत हाय मला, शेळी वरडून राहिली हाय."

हे मात्र अगदी तुझं! इथं मला हसू आलं आणि मग थांबवता येईना.

गयाबाईचं संपलं, तसं तू शांताबाईचं दार धरलंस. तिनं म्हणे दीड वर्ष घेतलं. कमळाबाई लातूरला लेकाकडं राहायला गेली, तिच्या भाकरी राहिल्याच. मग तुझे गुडघेच गेले.

"मला सांगितलं का नाही कुणी?" मी विचारलं. गयाबाई खाली बघून म्हणाली, "तिनंच सांगू नगं म्हणलं होतं. म्हणली, इमलला कळलं तर ती तुमच्या खाण्यावर आपलं मोल ठरवंल. तिचं मोल देवानं ठरवलंय, तुमी कोण?"

तर माझं भांडण हे आहे, आत्या. तुझं चुकलं. तुला वाटलं, त्यांच्या खाण्यावर मी माझं मोल ठरवीन. अगं, त्यांच्या न खाण्यावर मी ते ठरवूनच बसले होते! सात वर्षं. गयाबाईच्या घरात माझी भाकरी गोड लागून किती दिवस झाले, आणि मी इकडं बाह्या शिवत होते. एक शब्द सांगितला असतास तर काय बिघडलं असतं? कधीतरी, एखाद्या मंगळवारी, भाकरी बांधता बांधता?

काल मी इतकी चिडले होते की जेवलेही नाही. मग आज सकाळी भाकरी टाकायला बसले. सवयीनं दोन झाल्या. दुसरीकडं बघत राहिले, आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली. तू रोज दोन्ही वेळा माझ्याच हातचं जेवलीस. बसस्टँडवरून आणलंस त्या दिवसापासून शेवटच्या पेजेपर्यंत. शेवटी तर मीच भरवत होते. तुझ्या ओठांना माझी पांढरी बोटं लागायची आणि तू तोंड पुढं करायचीस. घरात एवढं जेवणारं माणूस होतं आणि मी शेडमधल्या तीन ताटांकडं बघत बसले. देवानं मला नाकारलेलं नाही हे तू कधी समजावून दिलं नाहीस, असं मी म्हणत होते. दिवसातून दोनदा सांगत होतीस की.

म्हणजे तुझंही बरोबर होतं. पण माझंही बरोबर आहे, ते सोडणार नाही मी. सांगायला हवं होतंस.

माझा थकवा काही गेलेला नाही. पाय तसेच सुजलेत आणि उसन्या प्रार्थनाही तशाच आहेत. विश्वासाचं म्हणशील तर कधी असतो, कधी शोधावा लागतो. पण सलोमीपाशी जायला यापेक्षा जास्त काही लागतं, असं आज वाटत नाही.

या मंगळवारी मी बिलोलीला जाणार आहे. गणवेश एक दिवस थांबतील. तुला शब्द देते. एका पोलक्याच्या बाह्या मघाशीच कोपरापर्यंत कापून टाकल्यात, तेच घालून एसटीत बसेन. सलोमीला मी काही समजावणार नाही. दारातूनच म्हणेन, "मला लई भूक लागलीय. दोन भाकरी टाक बरं." ती रागावेल. रागावू दे. एक भाकरी तिच्यासमोर बसून खाईन. दुसरी तुझ्या त्याच फडक्यात बांधून अंगणापलीकडं चुलतीकडं नेईन, आणि ती शेळीला टाकेल तर टाकू दे, पुढच्या मंगळवारी पुन्हा जाईन.

फक्त एक गोष्ट तुझ्यासारखी करणार नाही, आत्या. ती भाकरी कुठं चाललीय हे सलोमीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवीन.

लाईट आली बघ.

तुझ्याच घरात, तुझ्याच परातीपाशी,
तुझी विमल