पणजीची गोधडी आणि पिसांची पिशवी

उमीच्या आजोबांना गौरम्माचे पुण्याहून शरणार्थ.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. गावात टँकर यायलाय का? नवा जिल्हा झाला म्हणतात, त्यात पाणी आलं का नुसतीच पाटी?

उमी सोमवारी हिमालयात शिबिराला निघते. तुम्ही बजावलं होतं, "माझ्या आईची गोधडी दे, पिसाबिसाचं काही नको." ती गोधडी पाठीवर बांधून पोरगी एक जिना चढली आन् मटकन बसली.

मग दुकानात गेलो. तिथं झोपायच्या पिशव्या मिळतात, आत शिरून गळ्यापर्यंत चेन ओढायची. एक होती धाग्याची, जड. दुसरी बदकाच्या पिसांची, फुलासारखी हलकी. दुकानदार म्हणाला, "आजी, बर्फात हीच ऊब देते." उमी गुपचूप माझ्या तोंडाकडं बघत होती. आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत न्हाई.

म्हणलं, आधी मी झोपून बघते. आत शिरले आन् चेन अडकली! दोघांनी ओढून काढेपर्यंत असा घाम सुटला, की आपल्या अख्ख्या चाकूर गावानं घागरी घेऊन यावं.

पिसांचीच घेतली. लहानपणी हिची छाती भरली की रुईच्या पानांनी शेकत कोण बसायचं, आठवा. तिच्या गळ्यात इष्टलिंग आहे. पोरगी गारठली तर देवबी गारठलाच की.

गोधडी मीच पांघरते. मी सांगते ते लिहिताना उमी हसायलीय.

वीरण्णा मास्तर, ह्यांना पत्र वाचून दाखवताना पिसांचं हळू वाचा म्हणायचं राहिलं. कट्ट्यावरच्या मंडळींनी ऐकलंच असंल, तर एवढं मोठ्यानं वाचा: आपल्या गावची पोरगी हिमालयात चालली.

तुमची,
गौरम्मा