करपलेल्या पानांखालचा बांबू

आई, दुरूनच तुझ्या पायांवर डोके ठेवतो.

थंडीने करपलेली केळ बुडातून पुन्हा कशी फुटते, हे कोडे तुलाही पडले असेल. गोठलेले दव पाने जाळते. जमिनीतला गड्डा मात्र उबेत राहतो. म्हणून इथे मालकांच्या थंड डोंगरावरच्या बागेत उष्ण प्रदेशातला बांबू लावताना मी त्याच्या बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर रचला.

काल त्याची करपलेली पाने दाखवत बागेचे मुख्य माळी मालकांसमोर मला हसले. "मास्तर, बांबू गेला, आता तुम्हीही गाशा गुंडाळा!" बांबू जगवून दाखवायला मालकांनी मला उन्हाळ्यापर्यंतच मुदत दिली आहे. मी पाला सारून पाहिले; कंदावरचे डोळे टणक आहेत. माळ्यांना सांगितले नाही. त्यांना चारचौघांत आणखी बढाया मारू देत. कोंब वर आले की त्यांचे शब्द त्यांच्याच घशात घालीन.

जेवण वेळेवर होते. तुझा खोकला कसा आहे?

तुझा हट्टी धाकटा

ता. क. काकूंनी 'मेली' म्हणून हिणवलेली तुझी जास्वंद उपटू नकोस. खोड नखाने खरवडून बघ. आत हिरवे दिसले, तर लगेच बोलू नकोस. फूल येऊ दे.