उड्डाणाआधीचा फोटो

दुए, आघाडीवरचा विमानतळ, जून १९१६

प्रिय थेक्लाताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही, भेटशील तेव्हा हातातच देईन. इथे साहेबलोक पत्रं उघडून वाचतात. पण तुझ्याशी बोललो नाही तर फुटेन मी.

वैमानिकाचा फोटो उड्डाणानंतरच काढायचा, हे आमच्या तुकडीत स्वयंपाकीसुद्धा पाळतो. आधी फोटो काढलेले दोघं परत आले नव्हते. काल बर्लिनहून वैमानिकांचे फोटो पोस्टकार्डांवर छापून विकणारा एक फोटोग्राफर आला. मी विमानात बसलेलो, मेकॅनिक ओट्टोकार पंखा फिरवायला उभा, आणि त्या बाबाने खटका दाबला!

"अरे गाढवा, काय केलंस हे!" ओट्टोकार किंचाळला.

कॅप्टन धावत आले. "खाली उतर, फाल्को. मरायचंय का?"

"मी असलं काही मानत नाही, साहेब."

"मी मानतो! नाहीतरी तिकडे मायदेशी विमानशाळेला शिक्षक हवाय. सामान बांध."

ताई, मी भांडलो. टोपी आपटली. चार विमानं पाडलेल्या माणसाला पोरं शिकवायला धाडता म्हणून ओरडलो. सगळे हळहळले, ओट्टोकारने तर डोळे पुसले.

तो फोटो आपल्या गावातल्या दुकानात येईल. लोक म्हणतील, काय करारी चेहरा! तू नीट बघ. लहानपणी अंधारात मी असाच दात आवळून बसायचो.

आणि भांडताना मला एकच भीती होती. वाटत होतं, कॅप्टन माझं ऐकतात की काय!

तुझा धडधाकट
फाल्को