माठाचा तळ

लोणावळे, शुक्रवार

प्रिय बेटी हसिना,

तुला माझी दुआ, आणि तुझ्या सासूबाई बिस्मिल्लाबींना सलाम सांग. जावईबापू मेहबूब परवा येऊन गेला. बाळंतपण इंदुरीलाच करायचं ठरलंय, असं त्यानं खाली बघत सांगितलं. मी बरं म्हटलं. बिस्मिल्लाबी माया करणाऱ्या आहेत, सुईण शेजारीच राहते, मग इकडे कशाला यायचं? तो गेल्यावर मात्र मला भाकरी गेली नाही. आता तू बैलगाडीत बसू नकोस. घागर उचलू नकोस. नदीच्या पायऱ्यांवर तर मुळीच जाऊ नकोस, तिथं शेवाळ असतं. मेहबूबला हे सगळं सांगितलं होतं, पण तो मान हलवतो आणि विसरतो, म्हणून लिहितो.

इथली खबर अशी की मी अजून पाण्याच्या टाकीवरच राखणीला आहे. लढाई सुरू झाल्यापासून टाकीत पांढरी पावडर टाकतात, ते तुला ठाऊक आहे. पटकीचे जंतू तिनं मरतात म्हणे. पण लोकांना तिचा वास सोसत नाही, आणि शिव्या खायला मी. आपली शेजारीण धोंडाबाई तर रस्त्यात गाठून म्हणाली, “इनायतभाऊ, तुमच्या पाण्यानं डाळीला दवाखान्याचा वास मारतुया. आदी तुमच्या सायबाला वाढा, मग आमाला!” मला हसू आलं, पण घरी येऊन काळजीच वाटली. पावडर जास्त पडली तर लोकांच्या पोटाला बाधेल, कमी पडली तर पटकी येईल. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मी काय ठरवणार?

मग सबनीस ओव्हरसियर आले. देहूरोडच्या छावणीत पाणी तपासायचं काम शिकून आलेले, वयानं तुझ्याएवढेच. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पावडरीचा जोर असला तर पाणी निळं होतं, संपला असला तर कोरं राहतं. टाकीपाशी गर्द निळं, बाजारात फिकट, खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाला जेमतेम निळसर. हे पाहून मी घाबरलो. म्हटलं, साहेब, असंच चाललं तर पावडर वाटेतच संपायची. त्यांनी चौकटीच्या कागदावर एक रेघ काढली. आधी कड्यासारखी खाली येणारी, मग पठारासारखी पसरत जाणारी. म्हणाले, “इनायतभाई, कानातला अत्तराचा फाया आठवा. सकाळी घमघमतो, दुपारी निम्मा, संध्याकाळी त्याच्याही निम्मा. जेवढा उरतो त्यातलाच हिस्सा उडतो. पाण्यातली घाण थोडी पावडर खाते, नळाची आतली बाजू थोडी खाते. किती खाते ते कळलं की शेवटच्या नळाला किती उरेल, हे आधीच सांगता येतं.” आणि बेटी, खरंच तसं झालं. त्यांनी टाकीवर बसून सांगितलं तेवढंच निळं खालच्या आळीत निघालं. ऊन वाढलं की रेघ जास्त उतरते, म्हणून आता उन्हाळ्यात पावडरीचं माप वेगळं धरतात. त्या दिवसापासून मला झोप लागते.

पण साहेबांना एक कोडं सुटेना. नळावर निळं निघणारं पाणी घरात भरून ठेवलं की काही घरी लगेच कोरं व्हायचं. रेघेप्रमाणे व्हायला नको होतं. एखाद्या घरचं पाणी तपासून बघू, म्हणाले. कोण देणार? धोंडाबाईनं तर दार लावून घेतलं. मी म्हटलं, माझं घ्या. सकाळी आपल्या माठात पाणी भरलं आणि त्यातलंच थोडं धुतलेल्या काचेच्या बरणीत. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ते आले. बरणीतलं निळं झालं. माठातलं कोरं. त्यांनी माठात हात घालून तळाला बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. “पावडर खाणारा हाच थर,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून हात धुवायला गेले.

तुझ्या अम्माची रीत तुला आठवते. माठ कधी पालथा घालायचा नाही. तळाला जुनं पाणी ठेवूनच वर नवं ओतायचं. मी कधी धुवायला निघालो की ओरडायची, “अवो, राहू द्या त्यो! माठ पालथा घातला की घरची बरकत पालथी पडती.” पटकीत ती गेली, त्यानंतर मीही तसंच ठेवलं. रीत म्हणून नव्हे. तिनं शेवटचं भरलेलं पाणी तळाशी होतं म्हणून. रोज वर नवं ओतायचो, रोज प्यायचो. साहेबांची रेघ समजल्यावर वाटायचं, तिच्या हातचं पाणीही असंच रोज कमी होत असेल, पण पुरतं संपत नसेल. म्हणून माठाला हात लावायला मन होईना. साहेबांना मी हे सांगितलं. ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, पटकी आली तेव्हा पावडर नव्हती, त्याचं ओझं ना माठावर टाका ना बाईंवर. धुवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

गेल्या ईदेला तू आलीस तेव्हा इंदुरीहून पाण्याची घागर बरोबर आणलीस. या घरचं पाणी तोंडाला लावलं नाहीस. मी ते पाहिलं. तू घाबरलीस यात तुझी काय चूक? तुझी आई याच घरातून गेली. इंदुरीला बाळंतपण का ठरलं, हे मेहबूबनं सांगायची गरज नव्हती. म्हणून हे लिहितो. मी माठ रिकामा केला, हसिना. तळाचं पाणी अम्मानं लावलेल्या मेंदीच्या मुळाशी ओतलं. माठ काथ्यानं घासला, उन्हात वाळवला, आज पहाटे भरला. दुपारी साहेबांच्या पेल्यात पाणी निळं झालं. धोंडाबाई बघायला आली होती. “आता माजाबी माठ घासते, पर वास मातर तसाच हाय,” म्हणाली. बैलगाडीत बसू नकोस असं वर लिहिलंय, ते खोडत नाही. पण यावंसं वाटलंच, तर गाडीत पेंढा जाड घाल, गाडीवानाला तळेगावापर्यंत हळू हाकायला सांग, पुढं आगगाडीनं ये, मी स्टेशनात उभा राहीन. औषधाची बाटली साहेबांनी माझ्याकडे ठेवली आहे. पेल्यात थेंब तू तुझ्या हातानं टाक, निळं झालं तरच माठातलं पी. मेंदीला नवी पानं आली आहेत. बाळाच्या सहाव्या दिवशी तुझ्या हाताला लावायला पुरतील.

तुझाच,
वाट पाहणारा अब्बा