रेडिओला दहापैकी

४ मार्च

दहापैकी चार! तेही दया म्हणून.

हे जाऊन अकरा वर्षं झाली, पण सकाळी नऊला रेडिओ लावायचा नेम काही सुटला नाही. पार उत्तर ध्रुवाकडचं एक केंद्र दहा मिनिटं नुसतं बारीक पीं-पीं करतं. ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रोज ऐकायचे, आवाज किती स्वच्छ आला ते वहीत लिहायचे. मी पडले गावच्या शाळेतली मास्तरीण, मला गुणांशिवाय काही कळत नाही. म्हणून मी दहापैकी गुण देते. आवाजाच्या बटणावर ह्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय – माझंच नेलपॉलिश, न विचारता! बटण रोज त्या ठिपक्यावरच ठेवायचं. "वजनंच रोज बदलली तर तागडीला काय अर्थ?" म्हणायचे.

आता ह्या वह्यांना सोन्याचा भाव आलाय. सुनेमुळे.

५ मार्च

सुनेला परत विचारलं, तू ऑफिसात नक्की करतेस तरी काय?

"आई, आकाशात खूप वर एक थर असतो. रेडिओची लाट त्यातून जाते-येते. उत्तरेला ते हिरवे उजेड नाचायला लागले की थर माजतो आणि लाट पिऊन टाकतो. कधी, किती पिणार ते गणितानं आधीच सांगायचं – ते माझं मॉडेल. म्हणजे तिकडून जाणाऱ्या विमानांना कळतं, रेडिओ कधी मुका होणार."

"म्हणजे तुझा नवराच की! कधी उगवेल ते सांगत नाही, आणि उगवला की दुधावरची साय गायब."

पोरगा माझा, बोटीवर नोकरीला. मी काहीही बोलेन! हसता हसता तिला ठसका लागला.

७ मार्च

सहा. नाही, पाचच.

९ मार्च

सून तोंड पाडून आली. तिच्या साहेबांनी अडवलंय. मॉडेल खरं की खोटं ते माझ्या वह्यांवरून ताडून बघतात – त्या वाटेचा आवाज रोज टिपणारं दुसरं कुणी नाहीच म्हणे. पहिली आठ वर्षं गणित आणि वही हातात हात घालून चालतात. मागची तीन वर्षं मात्र माझे गुण गणिताच्या खाली-खाली. उजेड नसतात त्या शांत दिवसांतसुद्धा! वीस तारखेला समिती बसणार. तोवर कारण सापडलं नाही तर मॉडेल बाजूला. तिची चार वर्षांची मेहनत!

लगेच गच्चीवर चढली, एरियलची तार बदलायला. मी खाली शिडी धरून. "वर गेलीच आहेस तर बघ गं, शेजारणीकडे माझी निळी बादली दिसते का!"

दिसली. मला ठाऊकच होतं.

१० मार्च

नवी तार. चार. तेच!

११ मार्च

किटलीची शिट्टी बंद पडली म्हणून भांड्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं पाणी उकळून दाखवलं. "आजी, वाजतेय की!" मी म्हटलं, "तुमच्या धाकानं वाजली असेल." तोही हसला, मीही हसले.

घरी येऊन हसले नाही. पुन्हा पाणी ठेवलं. वाफ धो-धो. शिट्टी नाही.

हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की रेडिओसमोरची नऊची खुर्ची गेली. अंगात ताप असतानासुद्धा चुकवली नाही मी! रिकाम्या घरात सकाळी माझं असं एवढंच तर काम.

१३ मार्च

आज बटण ठिपक्याच्या पुढे सरकवलं. काय खणखणीत पीं-पीं! आठ लिहिले. म्हटलं, सून खूश होईल.

संध्याकाळी तिनं वही उघडली. आज तर उत्तरेला उजेड माजले होते, तिच्या गणितानं तीनच्या वर जायला नको होतं. "उलटंच निघालं," एवढंच म्हणाली. ताटावर बसून नुसती बोटं फिरवत राहिली. मी म्हटलं, "आकाशालाही कधीतरी पाहुणचार करावासा वाटतो." हसली नाही.

माझ्या एका खोट्या आकड्यापायी ती आता खरं गणित मोडायला बसणार.

१४ मार्च

चहा पितानाच सांगून टाकलं.

"कालचे आठ खोटे. बटण फिरवलं मी."

"किती?"

बघा! रागावली नाही, 'का' म्हणाली नाही. किती!

"पेरभर. आणि ऐक, तार चांगली आहे, आकाशही चांगलं आहे. कान गेलेत माझे. शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही."

कप खाली ठेवून तिनं मला अशी मिठी मारली की चष्मा तिरका झाला.

"डॉक्टरकडे जायचं?"

"खुर्ची काढून घेणार असशील तर नाही येणार."

"खुर्ची तुमचीच. पण कान मोजून घ्यायचे."

१६ मार्च

कानाचे डॉक्टर. कपाटाएवढ्या खोलीत कोंडलं, कानांवर टोपणं, आवाज आला की बोट वर. जाड आवाज झकास ऐकू येतात, बारीक येत नाहीत. "वयाचं आहे, हळूहळू होतं." मी विचारलं, दहापैकी किती? "डावा सहा, उजवा पाच." कडक मास्तर!

तीन वर्षांपूर्वी मळ काढायला गेले होते, तेव्हाच्या तपासणीचा कागदही निघाला. सुनेनं दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले आणि तिथंच टाळी वाजवली. म्हणे, कान जेवढे उतरले तेवढेच गुण उतरलेत!

१८ मार्च

कानात यंत्र. शेजारीण हळू आवाजात काय-काय बोलते! बादली परत मागितली.

२० मार्च

पास! समितीनं मॉडेल घेतलं. साहेब म्हणाले, "दोष आकाशाचा नव्हता, ऐकणाऱ्या यंत्राचा होता." मला यंत्र म्हणतो मेला! सून पेढ्यासारखी गोड हसत होती. मी पण.

नऊला सात दिले. ठिपक्यावर.

२३ मार्च

सून बाहेर गेलीय. तिची कागदांची फाइल टेबलावर राहिली, मी चाळली. एका रकान्यावर तिच्या अक्षरात 'आईंचे कान'. महिन्या-महिन्याला थोडी-थोडी वजाबाकी. सुरुवातीची तारीख दोन वर्षांपूर्वीची! खाली लिहिलंय – 'नुसता अंदाज, साहेब मानणार नाहीत. मोजायला हवं. पण त्या स्वतः म्हणेपर्यंत विचारायचं नाही.'

दोन वर्षं! आणि मी समजत होते, ह्या घरात लबाड मी एकटीच.