शोकसभेत उमेदवारी जाहीर करू नये

दिनांक १९ जून २०१९

वकील मित्रा, दोन वर्षे तू हा कागद मागतो आहेस आणि मी सभा, दौरे, अधिवेशन अशी कारणे देत तुला टाळतो आहे. फोनही उचलले नाहीत. माफ कर. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे आता कारण उरलेले नाही.

मी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय पूर्वी भूगोलाचा प्राध्यापक आणि आता लोकप्रतिनिधी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. विरोधी पक्षाचे त्याने समाधान होणार नाही, पण कायद्याला पुरेल.

एक. राहते घर पत्नीच्या नावे. पुढची खोली, जिथे रोज सकाळी लोक अर्ज घेऊन बसतात, तिचे काय करायचे ते तिने ठरवावे. मी दौऱ्यावर असताना ते अर्ज तीच ऐकते. माझ्यापेक्षा कमी आश्वासने देते आणि जास्त कामे करते, असे लोक म्हणतात. मी हे पडताळून पाहिले. खरे आहे.

दोन. बँकेतील ठेवी मुलीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे याबद्दल माझे मत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

तीन. वडिलांचा प्रचाराचा पत्र्याचा भोंगा धाकट्या भावाला द्यावा. गेल्या निवडणुकीत तो माझ्याविरुद्ध अपक्ष उभा राहिला. "दादा, तुला सगळं आयतं मिळालं," असे तो भर चौकात म्हणाला. मला राग आला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही, हे नमूद करतो. पण वडिलांचा आवाज त्याच्याकडे आला, माझ्याकडे नाही. भोंगा त्याच्याच हातात शोभेल.

चार. गाडी ड्रायव्हरला. डिकीत इस्त्रीचा पांढरा शर्ट आहे, तोही त्याचाच. मतदारसंघात कोणी गेले की तो शर्ट चढवून धावत जायचे, ही आमची कामाची पद्धत. हजर राहिल्याचे कोणी लक्षात ठेवत नाही, न गेल्याचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. या घाईतच एकदा माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या दारात गर्दी पाहिली आणि पुढच्याच कार्यक्रमात त्यांना श्रद्धांजली वाहिली. सगळे सभागृह उभे राहिले. गेले होते त्यांचे थोरले बंधू. संध्याकाळी सर स्वतः घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "भाषण बरं होतं. शेवट घाईत केलास."

पाच. माझी पुस्तके आणि नकाशे महाविद्यालयाला. तिथली नोकरी मी सोडली असे लोक समजतात. तसे नाही. वडील गेल्यावर चौथ्या दिवशी पक्षाने शोकसभा घेतली. मला मंचावर बसवले. पक्षाध्यक्ष बोलता बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेबांचं अपुरं काम आता हा पुरं करेल." टाळ्या पडल्या. आई रडत होती, समोर हजार माणसे रडत होती. अशा वेळी नाही कसे म्हणायचे ते मला कोणत्याही वर्गात शिकवले नव्हते. मंचावर चढलो तेव्हा मुलगा होतो, उतरलो तेव्हा उमेदवार. नंतर निवडून आलो, एकदा पडलो, पुन्हा आलो. काम वाईट केले असे वाटत नाही. पण ते मी निवडले होते का, या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही.

सहा. ~~माझ्या मागे पत्नीने किंवा मुलीने माझ्या जागेसाठी उमेदवारी स्वीकारू नये.~~

हे कलम मी खोडले आहे. शेजारी सही केली आहे. कारण लिहिणे भाग आहे. आज सकाळी पत्नीने हा कागद वाचला. ती भाजी निवडत होती.

"घर पहिल्यात, गाडी चौथ्यात आणि मी सहाव्यात," ती म्हणाली. "म्हणजे माझा नंबर गाडीच्या मागे."

"तुला कोणी ओढू नये म्हणून लिहिलंय."

"कळलं ते. तुम्हाला तेव्हा कोणी विचारलं नाही, ते इतकी वर्षं सलतंय. मग मला विचारलंत का?"

"तुला उभं राहायचंय का?"

"अहो, असं विचारतात का? मी म्हटलं हो, तर तुम्ही गेल्याची वाट बघतेय असं व्हायचं. नाही म्हटलं, तर तुमच्या मनासारखं. नीट विचारा कधीतरी."

ती जुडी घेऊन आत गेली. मी बराच वेळ कलम सहा वाचत बसलो. पक्षाध्यक्षांनी मला न विचारता हो म्हटले होते. मी तिच्या वतीने नाही म्हणत होतो. दोन्हींत मला फारसा फरक सापडला नाही.

सहा (सुधारित). शोकसभा घ्यायची असल्यास घ्यावी, पण तिथे कोणाचीही उमेदवारी जाहीर करू नये. पत्नीला काही विचारायचे असेल, तर रडणे ओसरल्यावर, घरी येऊन, माइकशिवाय विचारावे. ती देईल ते उत्तर अंतिम. मुलीला तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत विचारूच नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मित्राने करावी.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.

सही.

साक्षीदार पहिले: निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना मी जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली. सही करून म्हणाले, "या वेळी शेवटाला वेळ दिलास."

साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी. मला कधीही मत दिले नाही असे तोंडावर सांगतात, म्हणून विश्वासाचे.

ड्रायव्हरलाही सही करायची होती. ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसलेला बरा, असे समजावल्यावर थोडा वेळ रुसला.

उद्याचे काम: इस्पितळात जायला निघण्याआधी तिला नीट विचारणे.